पुराच्या पानावर कुणी कोड लिहून गेलं तर? युजरने टाकलेलं एचटीएमएल जावास्क्रिप्टने सुरक्षित कसं करायचं

पावसाळा आला की कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या पट्ट्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच प्रश्न फिरत असतो: नदी कुठवर आली? बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली जाते. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला ते तो विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. इकडे अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरमधून जाते, तीही जोराच्या पावसात रस्त्यावर येते. अशा वेळी मोबाईलवर दिसणारा एक आकडा बघून लोक गाडी वर नेऊन लावतात, सामान माळ्यावर टाकतात, घर सोडतात.

आता समजा, या तीन शहरांतल्या काही कॉलेजच्या मुलांनी मिळून एक वेबपेज बनवलं. वरती मोठ्या अक्षरांत नदीची पातळी, खाली लोकांनी पाठवलेले संदेश: ‘हेंद्रेपाड्यात पाणी नाही’, ‘शहाड पुलावर गाड्या हळू’. हे पान काल्पनिक आहे, पण असं पान कुणीही एका संध्याकाळात बनवू शकतं. आणि त्याच संध्याकाळी त्यात एक भोक राहू शकतं, ज्यातून एक संदेश पाठवून कुणीही सगळ्यांच्या मोबाईलवर १७.८० चा आकडा १५.२० करून दाखवू शकतो.

हे कसं होतं आणि कसं थांबवायचं, ते आज बघूया. एक गोष्ट आधीच सांगतो: या लेखात टॅग आणि कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते इंग्रजीतच लिहायचे.

ब्राउझरला मजकूर आणि कोड वेगळे दिसत नाहीत

तुम्ही संदेश टाईप करता तेव्हा तो फक्त अक्षरांची एक ओळ असतो. ती ओळ वाचून ब्राउझर ठरवतो की यातलं काय साधा मजकूर आहे आणि काय टॅग आहे. या वाचण्याला पार्सिंग म्हणतात. पार्सिंग झालं की त्या ओळीचं एक झाड तयार होतं, त्याला डॉम म्हणतात. स्क्रीनवर आपल्याला दिसतं ते हेच झाड.

आपल्या पानावर संदेश दाखवायला बरेच जण असं लिहितात:

बॉक्स.इनरएचटीएमएल = संदेश

म्हणजे आपण ब्राउझरला सांगतो, ‘ही ओळ एचटीएमएल समजून वाच’. संदेश ‘पाणी ओसरलं’ असा असेल तर काहीच बिघडत नाही. पण संदेश असा असेल तर?

<आयएमजी एसआरसी="क्ष" ऑनएरर="इथे कोड">

‘क्ष’ नावाचा फोटो कुठेच नसतो. फोटो सापडत नाही, चूक होते, आणि चूक झाल्यावर चालवायचा कोड ब्राउझर इमानदारीत चालवतो. तो कोड संदेश पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, पण चालतो मात्र पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलवर, आणि पानाच्या मालकाच्या अधिकाराने. तो आकडा बदलू शकतो, खोटा ‘ओटीपी टाका’ फॉर्म दाखवू शकतो, लॉगिन केलेल्याच्या नावाने पुढे संदेश पाठवू शकतो. याला क्रॉस साइट स्क्रिप्टिंग, थोडक्यात एक्सएसएस म्हणतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. इनरएचटीएमएलमधून टाकलेला <स्क्रिप्ट> टॅग ब्राउझर चालवत नाही, हे खरं आहे. त्यामुळे <स्क्रिप्ट> टाकून बघितलं, काही झालं नाही, म्हणून पान सुरक्षित आहे असं वाटतं. पण वरच्या फोटोवाल्या ओळीत <स्क्रिप्ट> कुठे आहे?

हे खरंच घडतं का?

४ ऑक्टोबर २००५ ला अमेरिकेतल्या मायस्पेस या साइटवर सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या प्रोफाईलमध्ये एक कोड टाकला. जो ते प्रोफाईल बघेल तो आपोआप सॅमीचा मित्र होई आणि तोच कोड बघणाऱ्याच्या प्रोफाईलमध्येही उतरे. साधारण २० तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाईल त्यात सापडली आणि मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली. पुढे कोर्टाने सॅमीला तीन वर्षं प्रोबेशनवर ठेवलं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर घरातल्या ताई-दादांना ऑर्कुटबद्दल विचारा. भारत आणि ब्राझील हे ऑर्कुटचे सगळ्यात मोठे अड्डे होते. स्क्रॅपबुकमध्ये चमचमती अक्षरं, फोटो टाकता यायचे, म्हणजेच युजरने दिलेलं एचटीएमएल तिथे चालायचं. २५ सप्टेंबर २०१० ला ‘बॉम साबादो’ असा स्क्रॅप लोकांना यायला लागला. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ शुभ शनिवार. कुठल्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नुसतं स्क्रॅपबुक उघडलं की तोच स्क्रॅप तुमच्या नावाने तुमच्या मित्रांना जायचा. गुगलसारख्या कंपनीच्या साइटवर हे झालं. मग आपल्या एका संध्याकाळच्या पानाची काय कथा!

‘वाईट शब्द काढून टाकू’ हा उपाय का फसतो?

सगळ्यांना आधी हेच सुचतं: धोकादायक शब्दांची यादी करायची आणि संदेशातून ते शब्द उडवायचे. मायस्पेसनेही हेच केलं होतं. ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द ते काढून टाकायचे. सॅमीने त्या शब्दाच्या मधोमध नवी ओळ टाकली. फिल्टरला शब्द सापडला नाही, पण त्या काळच्या काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला. ‘इनरएचटीएमएल’ शब्दावरही बंदी होती. सॅमीने त्याचे दोन तुकडे केले आणि कोड चालताना ते जोडले.

आपणही एक प्रयोग करू. आपला फिल्टर <स्क्रिप्ट> दिसला की काढतो. आता कुणी असं पाठवलं:

<स्क्रि<स्क्रिप्ट>प्ट>

मधला <स्क्रिप्ट> काढा. उरलं काय? <स्क्रिप्ट>! म्हणजे धोकादायक टॅग आपणच जोडून दिला.

मग कुणी म्हणतं, ‘< पासून > पर्यंत जे काही असेल ते सगळंच रेग्युलर एक्स्प्रेशनने उडवा’. आता हा खरा, उपयोगाचा संदेश बघा:

पातळी < १६ मी. आहे, पण तासाला वाढ > ३० सेमी, सावध राहा

फिल्टर चालल्यावर उरतं: ‘पातळी ३० सेमी, सावध राहा’. हल्ला कुणीच केला नव्हता, तरी माहिती चुकीची झाली. तीही आपल्याच ‘सुरक्षे’मुळे.

मराठीसाठी आणखी एक खबरदारी. काही तयार फिल्टर इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं काढतात, म्हणजे मराठी संदेश कोराच होतो. काही फिल्टर न दिसणारी जोडअक्षरं काढतात. ‘वाऱ्याचा’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र काही कीबोर्डवर अशाच न दिसणाऱ्या अक्षराने लिहिला जातो. ते काढलं की शब्दाचं रूप बिघडतं.

तेव्हा नियम असा: वाईट काय ते शोधत बसू नका. चांगलं काय ते आधी ठरवा आणि फक्त तेवढंच आत घ्या.

पहिला उपाय: एचटीएमएल लागतंच का?

आधी स्वतःला विचारा, संदेशात ठळक अक्षरं, लिंक वगैरे खरंच हवं आहे का? पुराच्या संदेशाला बहुतेक वेळा साधा मजकूर पुरतो. तसं असेल तर एका शब्दाचा बदल करा:

बॉक्स.टेक्स्टकंटेंट = संदेश

आता ब्राउझर काहीही पार्स करत नाही. < हे चिन्ह < म्हणूनच दिसतं. फोटोवाली ओळ आली तर ती जशीच्या तशी अक्षरांत दिसेल, चालणार नाही. ओळी तुटलेल्या दिसायला हव्या असतील तर सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेस: प्री-लाइन लिहा. काम झालं.

फक्त एवढं लक्षात ठेवा की हा उपाय टॅगच्या मधल्या मजकुरासाठी आहे. युजरचं नाव जोडून टॅगची ओळ तयार करणं, किंवा युजरचा मजकूर ऑनक्लिक, स्टाईल अथवा <स्क्रिप्ट>च्या आत टाकणं, हे कधीच करू नका.

दुसरा उपाय: एचटीएमएल हवंच असेल तर

समजा ठळक अक्षरं आणि लिंक हव्याच आहेत. मग ओळीवर कात्री चालवायची नाही. आधी ब्राउझरकडूनच ती ओळ पार्स करून घ्यायची आणि मग झाडावर काम करायचं. यासाठी डॉमपार्सर आहे. त्याच्या पार्सफ्रॉमस्ट्रिंगला संदेश आणि ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ हा प्रकार दिला की एक वेगळं, निर्जीव डॉक्युमेंट मिळतं. त्यात स्क्रिप्ट चालत नाही, फोटो लोड होत नाहीत, ऑनएररही चालत नाही.

बरेच जण याऐवजी क्रिएटएलिमेंटने एक <डिव्ह> बनवतात, पानाला न जोडता त्याच्या इनरएचटीएमएलमध्ये संदेश टाकतात आणि मग साफ करायला घेतात. हा सापळा आहे! तो <डिव्ह> स्क्रीनवर नसला तरी चालू पानाचाच असतो. फोटो लोड व्हायला लागतो आणि तुम्ही साफसफाई सुरू करण्याच्या आधीच ऑनएररची वेळ ठरून जाते.

डॉमपार्सरने झाड मिळालं की पुढच्या पायऱ्या अशा:

१. परवानगीची यादी करा. उदाहरणार्थ फक्त बी, आय, बीआर आणि ए.
२. झाडातला एकेक भाग बघा. तो साधा मजकूर असेल तर क्रिएटटेक्स्टनोडने त्याची नवी प्रत बनवा.
३. यादीतला टॅग असेल तर क्रिएटएलिमेंटने कोरा नवा टॅग बनवा. जुना टॅग उचलून आणू नका, कारण त्याच्यासोबत ऑनक्लिक, स्टाईल असं सगळं सामान येतं. मग त्याच्या आतल्या भागांवर हीच पद्धत पुन्हा चालवा.
४. यादीत नसलेला टॅग आतल्या मजकुरासकट सोडून द्या. एचटीएमएलमधल्या टिपाही सोडा.
५. तयार झालेले नवे भाग रिप्लेसचिल्ड्रनने थेट बॉक्समध्ये बसवा.

संदेशाच्या लांबीवर मर्यादाही ठेवा. हजारो टॅग एकात एक घालून पाठवले तर अशी पुन्हा पुन्हा स्वतःला बोलावणारी पद्धत अडकू शकते.

लिंक वेगळी तपासा

ए टॅगला परवानगी दिली म्हणजे एचआरईएफ आलंच, आणि एचआरईएफमध्ये वेबपत्त्याऐवजी ‘जावास्क्रिप्ट:’ ने सुरू होणारा कोडही लिहिता येतो. ‘ओळ जावास्क्रिप्टने सुरू होते का’ एवढं बघून चालत नाही. पुढे स्पेस किंवा मधे टॅब टाकला तरी ब्राउझर ते गाळून वाचतो.

इथेही काम ब्राउझरकडून करून घ्या. न्यू यूआरएल वापरून पत्ता पार्स करा आणि त्याचा प्रोटोकॉल बघा. तो एचटीटीपीएस, एचटीटीपी किंवा फोन नंबरसाठी टेल असेल तरच एचआरईएफ लावा. नाहीतर लिंक न देता नुसता मजकूर दाखवा. पार्स करताना एरर आली तर तीही ‘नाही’च समजा.

मग तयार लायब्ररी कशाला?

कारण ब्राउझर एकच ओळ दोन ठिकाणी दोन प्रकारे वाचू शकतो. याचा फटका २०१९ मध्ये खुद्द गुगल सर्चला बसला होता. मसातो किनुगावा या जपानी संशोधकाने ती चूक शोधली. भानगड <नोस्क्रिप्ट> या टॅगची होती. जावास्क्रिप्ट बंद असेल तर त्याच्या आतला भाग ब्राउझर टॅग म्हणून वाचतो, चालू असेल तर नुसती अक्षरं म्हणून. साफ करणारं निर्जीव डॉक्युमेंट म्हणजे जावास्क्रिप्ट बंद, आणि खरं पान म्हणजे चालू. तपासताना जे एका टॅगच्या शीर्षकातलं निरुपद्रवी वाक्य दिसलं, तेच खऱ्या पानावर जिवंत फोटो होऊन कोड चालवू लागलं.

यातून दोन धडे घ्यायचे. एक, साफ केलेल्या झाडाची पुन्हा ओळ करून ती परत इनरएचटीएमएलमध्ये टाकणं टाळा. वरच्या पद्धतीत आपण नवे भाग थेट बसवले ते याचसाठी. दोन, चार टॅगच्या पुढे यादी वाढवायची असेल तर स्वतःचा फिल्टर लिहू नका. डॉमप्युरिफाय ही मोफत लायब्ररी वापरा. बर्लिनच्या क्युअर५३ या सुरक्षा कंपनीची टीम ती सांभाळते. तिलाही आपली छोटी यादी द्या आणि ती अपडेट ठेवा, कारण तिच्यातही वेळोवेळी पळवाटा सापडल्या आणि बुजवल्या गेल्या आहेत.

आता ब्राउझरमध्येच सेटएचटीएमएल नावाची सोय येऊ लागली आहे. ती साफसफाई करूनच मजकूर बसवते. पण गावातल्या प्रत्येकाकडे नवा मोबाईल आणि ताजा ब्राउझर असेलच असं नाही. म्हणून ती सोय आहे का ते तपासून, नसेल तर डॉमप्युरिफाय, असं ठेवा.

एवढ्यावर थांबू नका

मोबाईलमध्ये चालणारं जावास्क्रिप्ट कुणीही टाळून थेट सर्व्हरला संदेश पाठवू शकतो. म्हणून पाठवताना नाही, तर दाखवताना साफ करा, आणि सर्व्हरवरही लांबी व परवानगी तपासा. लॉगिनची कुकी एचटीटीपीओन्ली ठेवा, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी लावून ‘फक्त माझ्याच साइटवरच्या स्क्रिप्ट फाईल चालव’ असं ब्राउझरला सांगा. मग एखादा ऑनएरर निसटून आत आला तरी चालणार नाही. आणि पातळीचा आकडा तर लोकांच्या संदेशांतून कधीच घेऊ नका.

तुमचं पान तयार झालं की हे पाच संदेश पाठवून बघा:

- पातळी < १६ मी., वाढ > ३० सेमी: जसंच्या तसं दिसलं पाहिजे.
- वाऱ्याचा जोर, दऱ्यांतून पाणी: एकही अक्षर तुटायला नको.
- <बी>सावधान</बी>: परवानगी असेल तर ठळक, नसेल तर टॅगसकट अक्षरं.
- ऑनएररवाला फोटो: काहीच चालायला नको.
- ‘जावास्क्रिप्ट:’ वाली लिंक: दाबल्यावर काहीही व्हायला नको.

ही चाचणी फक्त स्वतःच्या पानावर करा. दुसऱ्याच्या साइटवर ‘गंमत म्हणून’ केलीत तर ती गंमत राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली कपटाने असं नुकसान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कुठे भोक दिसलंच तर साइटच्या मालकाला किंवा सर्ट-इनला कळवा.

कोड लिहीत नसाल तर?

तरीही दोन-तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. ब्राउझर अपडेट ठेवा. साध्या माहितीच्या पानावर अचानक ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागणारी चौकट आली तर पत्ता ओळखीचा असला तरी पान बंद करा. कारण एक्सएसएसमध्ये पत्ता खराच असतो, आतला मजकूर खोटा असतो. ‘हे कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट करा’ असं कुणी सांगितलं तर करू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि पुराच्या रात्री पातळीचा आकडा एकाच पानावर बघून निर्णय घेऊ नका, पालिका किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनेशी ताडून बघा.

पान बनवणाऱ्यांनी आजच आपला जुना कोड उघडावा आणि त्यात ‘इनरएचटीएमएल’ हा शब्द शोधावा. जिथे जिथे सापडेल तिथे एकच प्रश्न विचारायचा: इथे येणारा मजकूर कुणी लिहिला आहे? उत्तर ‘दुसऱ्या कुणीतरी’ असं आलं, तर ती ओळ पाऊस सुरू व्हायच्या आधी बदला.